टेकबाईंची एक खोटी चिठ्ठी

कुणाला दुकान सांभाळायला मिळतं, कुणाला म्हशी, कुणाला नुसताच तापट नवरा. ज्याचं त्याचं नशीब. टेकबाईंना एक क्रियापद मिळालं, आणि तेही परक्या भाषेतलं.

वय वर्षं बावीस, पदवीवरची शाई ओली, आणि शब्दकोशाच्या कचेरीत पहिला दिवस. कोशाच्या संपादकांना सगळे मास्तर म्हणत, कारण ते मुळात शाळामास्तर होते आणि कोशाच्या नादापायी बरी चाललेली नोकरी सोडून बसले होते. त्यांनी एक रिकामा लाकडी खण या पोरीपुढे सरकवला आणि सांगितलं, इंग्रजीतलं 'टेक' हे क्रियापद आजपासून तुमचं. त्याचे असतील नसतील ते सगळे अर्थ आपल्या भाषेत आणा. सहा महिने घ्या. पोरीनं मनात म्हटलं, सहा महिने कशाला? टेक म्हणजे घेणे. झालं की! संध्याकाळी देऊन टाकते.

नऊ वर्षं लागली. हसायचं काम नाही, तुम्ही करून बघा. चहा घेतात, गोळी घेतात, रजा घेतात, इथवर सगळं सुरळीत. पुढे फोटो काढतात. परीक्षेला बसतात. बस पकडतात. वेळ लागतो. मुलगी आजीच्या वळणावर जाते. विमान उडतं. निराधाराला घरात ठेवून घेतात, भोळ्याला गंडवतात, आणि गेलेल्या साहेबांची पाठीमागे नक्कल करतात. आपल्याकडे प्रत्येकाला वेगळं क्रियापद, आणि तिकडे मात्र एकटं टेक सगळीकडे राबतंय, फार तर मागे एखादं शेपूट लावून. मोजता मोजता साठाच्या वर अर्थ निघाले, तेव्हा टेकबाई तीन दिवस कुणाशी धड बोलल्या नव्हत्या.

कचेरी म्हणजे दोन खोल्या. खाली खिडक्यांच्या काचा कापून देणाऱ्याचं दुकान, त्यामुळे दिवसभर दात आंबवणारा कर्रकर्र आवाज. वर भिंतभर कपाटं, कपाटांत हातभर लांबीचे खण, खणांत चिठ्ठ्या. कागद विकत आणायची ऐपत नव्हती म्हणून मास्तरांनी जुन्या शाळेतून उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उचलून आणले होते आणि त्याच कापून चिठ्ठ्या केल्या होत्या. एका बाजूला कुणाचा तरी चुकलेला भूगोल, दुसऱ्या बाजूला कोश. माणसांना तिथं नावं नव्हती, अक्षरं होती. 'बी'चे काका, 'सी'ची ताई. 'एस' अक्षर आडमाप मोठं म्हणून ते दोघांना मिळून दिलेलं, आणि ते दोघे उभ्या दिवसात एका शब्दावर एकमत करतील तर शपथ. अख्ख्या अक्षराऐवजी एकच शब्द घेऊन बसलेली ही एकटी, म्हणून ती टेकबाई. पुढे लग्न झालं, मूल झालं, केस पांढरे झाले, तरी कचेरीच्या लेखी टेकबाईच.

आता मास्तरांचा नियम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्या नियमामुळे घडलं. मास्तर त्याला जिवंत तोंडाचा नियम म्हणत. कोशात उदाहरण म्हणून जे वाक्य जाईल ते कुणीतरी खरोखर बोललेलं पाहिजे. दुकानात, दवाखान्यात, जिन्यात, कुठेही. पण आपण बनवायचं नाही. कानावर पडलं की चिठ्ठीवर उतरवायचं आणि खाली कोपऱ्यात बोलणाऱ्याचा धंदा किंवा नातं लिहायचं: शिंपी, परिचारिका, शेजारीण. नाव नको. पहिल्याच आठवड्यात टेकबाईंनी टेबलाशी बसून अकरा झकास वाक्यं रचून दाखवली होती. मास्तरांनी ती शांतपणे वाचली आणि परत दिली.

"खुर्चीत बसून कुणी बोलत नाही, बाई," ते म्हणाले. "खुर्चीत बसून माणूस नुसतं लिहितो. बाहेर जा."

'एम'वाले एक गृहस्थ होते, बोलायला गोड, कामाला चलाख. त्यांच्या चिठ्ठ्यांवरचा न्हावी आणि धोबी दोघेही एकाच झोकात बोलतात हे मास्तरांच्या ध्यानात आलं. मास्तर रागावले नाहीत. त्यांनी एमचा खण उचलला, टेबलावर पालथा केला आणि कपाटात रिकामा परत ठेवला. तिसऱ्या दिवसापासून ते गृहस्थ आले नाहीत.

तर टेकबाई बाहेर पडल्या. कपडा आत घेण्याच्या टेकसाठी शिंप्याच्या दुकानात तीन खेपा घातल्या. तो मेला प्रत्येक वेळी नुसती मान हलवायचा. चौथ्या खेपेला वैतागून म्हणाला, "कंबरेत दोन बोटं दाबून देतो, आता जा." टेकबाईंना इतका आनंद झाला की कोट तिथंच विसरल्या. बसवाहकाला विचारलं, किती वेळ लागेल? तो म्हणाला, लागेल तेवढा लागेल. लगेच चिठ्ठी. शेजारच्या दोघी जिन्यात कडाकडा भांडत होत्या, त्यातली एक "आधी शब्द मागे घे" असं म्हणेपर्यंत टेकबाई वरच्या पायरीवर पेन्सिल सरसावून उभ्या राहिल्या. मग त्या दोघींनी भांडण सोडलं आणि एक होऊन टेकबाईंना धरलं. चिठ्ठी मात्र मिळाली. कोपऱ्यात लिहिलं, शेजारीण, खालची.

चोविसाव्या वर्षी लग्न झालं. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. शांत माणूस, हसला की खांदे हलायचे. बायको असली विचित्र नोकरी करते याचं त्याला कौतुक होतं, आणि त्या कौतुकातच घोटाळा झाला. काही बरं बोलला की थांबायचा आणि म्हणायचा, घे लिहून. असं म्हणाला की वाक्य बाद, कारण ते चिठ्ठीसाठी बोललेलं. त्यामुळे टेकबाईंना त्याला बेसावध गाठावं लागे. मोज्याला भोक पडलेलं असताना, किल्ली सापडत नसताना, दाढी करताना कापलं की. अशा वेळी तो खरं बोलायचा. सात वर्षांत त्याच्या एकशे बारा चिठ्ठ्या झाल्या.

आणि सासूबाईंच्या? पाच.

सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. हातानं वायर खोचून लाइन जोडायची तो काळ. कानाला यंत्र, समोर भोकाभोकांचा फळा, आणि आठ तास तेच ते: कोण हवंय, थांबा, जोडते, बोला. तेहतीस वर्षं परक्यांची बोलणी जोडून जोडून बाईंच्या पोटातलं बोलणं आटून गेलं होतं की काय कोण जाणे. घरी आल्यावर सगळा कारभार डोळ्यांनी आणि भुवयांनी. रागावल्या तरी बोलायच्या नाहीत, आणि खूश झाल्या तर ते कुणाला कळायचंच नाही. टेकबाईंनी सुरुवातीला फार आशेनं विचारून पाहिलं, आई, याला तुम्ही काय म्हणता, त्याला काय म्हणता? सासूबाई म्हणायच्या, काही म्हणत नाही.

टेकबाईंना त्याचं फार लागायचं, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. सासू छळत नव्हती, टोमणे मारत नव्हती, ताटात काही कमी करत नव्हती. तक्रार करावी असं काहीच नाही. पण ही बाई आपल्याला नुसतं चालवून घेते की हिला आपण आवडतो, हे काही केल्या कळेना. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणे, अगं, ती तशीच आहे. जगातल्या सगळ्या नवऱ्यांचं हे एकच उत्तर असतं.

कोशाचा 'टी'चा भाग छापायला जायची वेळ आली तेव्हा टेकबाई एकतीस वर्षांच्या होत्या. साठावर अर्थ लागले होते आणि एकच अडला होता. टेक टू. म्हणजे एखादं माणूस दिसलं आणि मन त्याच्याकडे गेलं, लळा लागला. लहान मुलांबद्दल बोललेलं ढीगभर मिळालं. मास्तर म्हणाले, मुलांचं नको, मोठ्या माणसाला मोठ्या माणसाबद्दल वाटलेलं आणा. टेकबाई दोन महिने कान टवकारून हिंडल्या. दवाखान्यात बसल्या, बसच्या रांगेत थांबल्या, लग्नाच्या जेवणात नको तिथं मध्ये घुसल्या. हे वाटतं सगळ्यांना, पण मोठी माणसं ते एकमेकांबद्दल तोंडानं बोलत नाहीत, हा शोध त्यांना लागला. शोधाचा उपयोग शून्य. चिठ्ठी हवी होती.

शेवटच्या दिवशी छापखान्याचा माणूस खाली येऊन बसला. मास्तर घड्याळाकडे बघत होते. टेकबाईंनी एक कोरी चिठ्ठी ओढली आणि लिहिलं: 'पहिल्या दिवसापासून मला सुनेचा लळा लागला.' खाली कोपऱ्यात लिहिलं, सासू.

अहो, शेजारीण लिहिलं असतं तरी चाललं असतं. कोण विचारणार होतं? पण हात सासूकडेच गेला. सात वर्षं जे ऐकायचं होतं ते शेवटी स्वतःच लिहून घेतलं.

मास्तरांनी चिठ्ठी वाचली. चष्मा काढला. विचारलं, सासूबाई असं म्हणाल्या? टेकबाई म्हणाल्या, हो.

"भाग्यवान आहात, बाई," मास्तर म्हणाले, आणि चिठ्ठी गठ्ठ्यात घातली.

त्यांनी खण पालथा केला असता तर परवडलं असतं. टेकबाई जिना उतरून काचेच्या दुकानापाशी उभ्या राहिल्या आणि रडल्या. काच कापणाऱ्याला वाटलं डोळ्यांत कण गेला, त्यानं पाणी आणून दिलं.

कोश छापून आला. छापील पानात वाक्य होतं, पण बोलणाऱ्याचं नातं छापायची पद्धत नव्हती, ते कचेरीतल्या चिठ्ठीवरच राहिलं. जाडजूड पुस्तक घरी आलं तेव्हा सासूबाईंनी ते हातात घेऊन वजन पाहिलं आणि फळीवर ठेवून दिलं. टेकबाईंचा जीव भांड्यात पडला.

मग वर्षं गेली, आणि ती कशी जातात हे तुम्हाला मी सांगायला नको. मास्तर गेले. 'बी'चे काका गेले. 'एस'मधला एक गेला, तर दुसऱ्यानं महिनाभर तोंडातून शब्द काढला नाही, भांडायला कुणी उरलं नव्हतं. एक्स्चेंजमधला फळा मोडीत निघाला, सासूबाई त्याआधीच घरी बसल्या होत्या. लेक शिकली, लग्न करून लांब गेली. आणि नऊ वर्षांपूर्वी नवरा गेला, दुकानातच, एक घड्याळ उघडं टाकून. तीन खोल्यांत दोघी बायका उरल्या. तू कुठे जाणार, मी कुठे जाणार, असं दोघींपैकी कुणीही विचारलं नाही. सकाळी टेकबाई भाजी निवडायच्या, सासूबाई शेजारी बसायच्या. संध्याकाळी रेडिओ. सासूबाईंची नजर गेली, कान मात्र अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीही असे तिखट की दोन घरं पलीकडे नळ गळतोय हे त्यांना आधी कळे.

अशात कचेरीकडून पत्र आलं. कोशाची नवी आवृत्ती निघणार होती. नवी संपादिका तरुण होती, हुशार होती आणि जुन्या चिठ्ठ्या बघून तिचं मन भरून आलं होतं. तिनं ठरवलं होतं की या वेळी प्रत्येक वाक्याखाली बोलणाऱ्याचं नातं किंवा धंदा छापायचा. आणि ज्यांची बोललेली वाक्यं आहेत त्यांतली जी माणसं हयात आहेत, त्यांना घरी जाऊन ती वाचून दाखवायची आणि संमती घ्यायची. किती छान कल्पना! टेकबाईंनी मात्र पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पत्रात लिहिलं होतं, पुढच्या गुरुवारी आपल्या सासूबाईंकडे येत आहोत.

दुसऱ्याच दिवशी टेकबाई कचेरीत गेल्या. खाली काचेच्या दुकानाचं चष्म्याचं दुकान झालं होतं. वर मात्र कपाटं तीच. आपला खण ओढला तर तो पूर्वीसारखाच मध्ये अडला, आणि पूर्वीसारखाच डावीकडून बुक्की मारल्यावर बाहेर आला. आपण कशाला आलो आहोत ते त्या तासभर विसरून गेल्या. शिंपी कंबरेत दोन बोटं दाबत होता. बसवाहक कुरकुरत होता. आणि नवरा तर पानोपानी. 'मोजा घ्यायला गेलो तर तूही गायब.' 'आज फार वेळ लावलास गं.' 'आईचं काही मनावर घेऊ नकोस, ती तशीच आहे.' घरात त्याचे फोटो चार आणि इथं तो एकशे बारा वेळा बोलत होता. टेकबाईंनी प्रत्येक चिठ्ठी पुटपुटत वाचली. त्यांना त्याची इतकी आठवण आली की खणावर कपाळ टेकून त्या बसून राहिल्या.

मग ती चिठ्ठी सापडली. मागच्या बाजूला कुणीतरी नदीच्या मुखाची आकृती उलटी काढली होती. टेकबाईंनी ती पिशवीपर्यंत नेली. कुणी बघत नव्हतं. पण मास्तरांच्या खुर्चीची पाठ समोर होती आणि हात काही पिशवीत शिरेना. त्यांनी चिठ्ठी परत ठेवली आणि नव्या संपादिकेकडे जाऊन म्हणाल्या की अमुक एक वाक्य काढून टाकलं तर बरं. तिनं आदरानं खुर्ची दिली, मास्तरांच्या हातची नियमांची वही उघडली आणि बोट ठेवलं. बोललेलं वाक्य गाळायचा हक्क फक्त बोलणाऱ्याला. आपण कोण गाळणार, बाई? ती हसून म्हणाली. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. टेकबाई म्हणाल्या, बरोबर आहे, आणि घरी आल्या.

गुरुवारला सहा दिवस होते. सासूबाईंना आधी सांगून मोकळं व्हावं म्हणून टेकबाईंनी रोज सुरुवात केली. आई, एक सांगायचं होतं. सासूबाई कान देऊन बसायच्या. मग टेकबाई म्हणायच्या की दुधाची पिशवी फाटकी निघाली. दुसऱ्या दिवशी पंख्याचं काहीतरी सांगितलं. तिसऱ्या दिवशी लेकीचा फोन आल्याचं सांगितलं, तो सासूबाईंच्या समोरच आला होता. खोटं उघडं पडेल ही भीती होती, पण ती सहन झाली असती. खरी भीती पुढची होती. परक्या मुलीसमोर सासूबाई म्हणतील, मी असं कधी म्हटलं नाही. आणि तेच खरं असेल. अडतीस वर्षं एका घरात राहून, एका माणसाच्या मागे दोघी उरून, शेवटी उत्तर येणार ते हे. बासष्ट वर्षांच्या बाईला या गोष्टीनं झोप लागू नये हे चमत्कारिक वाटेल, पण लागत नव्हती.

गुरुवार उजाडायचा तो उजाडलाच. नवी संपादिका अकराला आली, बूट दाराबाहेर काढले, सासूबाईंच्या खुर्चीजवळ स्टूल ओढून बसली आणि सगळं नीट समजावून सांगितलं. टेकबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. बसायचं त्यांना सुचलंच नाही.

पहिली चिठ्ठी: 'वेळ लागेल. थांबा.' सासूबाई म्हणाल्या, हो, माझंच. दुसरी: 'गोळी घे आणि पड.' माझंच. तिसरी नातीबद्दलची: 'ही बापावर गेली.' सासूबाई जरा हसल्या आणि म्हणाल्या, गेलीच आहे. चौथी: 'त्याच्या गोड बोलण्याला भुलू नकोस.' हे कुणाबद्दल, त्यांना आठवेना, टेकबाईंनी दारातून सांगितलं, गच्ची गळत नाही म्हणणारा घरमालक. माझंच, छापा. पाचवी: 'सगळं अंगावर घेऊ नकोस.' माझंच.

संपादिकेनं सहावी काढली. पहिल्या दिवसापासून मला सुनेचा लळा लागला.

सासूबाई म्हणाल्या, परत वाचा. तिनं परत वाचलं.

"हे खोटं आहे," सासूबाई म्हणाल्या.

टेकबाईंनी दाराची चौकट धरली. संपादिका गोरीमोरी झाली, एकदा इकडे एकदा तिकडे बघू लागली, आणि तिनं चिठ्ठीवर काट मारायला पेन उचललं.

"थांबा. माझं व्हायचंय. लळा हा माझा शब्दच नाही. लळा मांजराला लागतो. आणि पहिल्या दिवशी तर मुळीच नाही. पहिल्या दिवशी ही माझ्यासमोर जेवता जेवता वही काढून लिहायला लागली. मला वाटलं, माझ्या घरातल्या चुका टिपून घेतेय. मला ही अजिबात आवडली नव्हती."

संपादिकेनं हळूच विचारलं, मग नंतर?

सासूबाई मग अडतीस वर्षांत टेकबाईंनी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं इतकं सलग बोलल्या. लग्नाला तीन वर्षं झाली तेव्हा हिची आई आजारी पडली. ही बारा दिवस माहेरी गेली. घरात विचारणारं कुणी नाही, आई, याला काय म्हणता, त्याला काय म्हणता. एरवी त्या विचारण्यानं डोकं उठायचं. चौथ्या दिवशी घास जाईना. मुलगा म्हणाला, ताप आहे का? ताप नव्हता. पाचव्या दिवशी दुपारी हिच्या माहेरच्या गावाची लाइन मोकळी दिसली. स्वतःच्या कामाला लाइन लावली तर नोकरी जायची, इतका कडक नियम. लावली. हिच्या घरासमोरच्या दुकानात फोन होता, दुकानदाराला म्हटलं, समोरच्या घरातल्या मुलीला बोलवा. ही धावत आली. हॅलो, हॅलो, कोण आहे, म्हणाली. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि वायर काढली. दुसऱ्या दिवशी परत लावली. ही परत येईपर्यंत रोज.

टेकबाईंना ते दुकान दिसलं. मिरचीच्या पोत्यांवर ठेवलेला काळा फोन, ओल्या हातांनी उचललेला, आणि पलीकडे कुणीच नाही. आठ दिवस. दुकानदार चिडून म्हणाला होता, कुणीतरी तुमची मस्करी करतंय. हा आचरटपणा नवऱ्याचाच, असं टेकबाईंनी ठरवून टाकलं होतं आणि परत आल्यावर त्याच्याशी कडकडून भांडल्या होत्या. बिचारा शपथा घेत राहिला. टेकबाईंनी शेवटपर्यंत त्याच्यावर विश्वास ठेवला नव्हता.

त्या पुढे आल्या आणि सासूबाईंच्या पायांशी जमिनीवर बसल्या.

"आई, ती चिठ्ठी मी बनवली होती."

"ते कळलं मला. गावभर विचारत हिंडलीस, मला का नाही विचारलंस?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात तर?"

सासूबाईंनी खरोखर विचार केला. "म्हणाले असते," त्या म्हणाल्या. "तेव्हा तोंडातून दुसरं निघालंच नसतं. आता विचार."

टेकबाईंनी जन्मभर तोच एक प्रश्न अनोळखी माणसांना विचारला होता, बसमध्ये, दवाखान्यात, जिन्यात. आता तो त्यांना विचारता येईना. त्या नुसत्या सासूबाईंचा गुडघा धरून रडत राहिल्या. सासूबाईंनी थोडी वाट पाहिली, मग संपादिकेच्या दिशेनं मान वळवली.

"लिहून घ्या. हिच्याशिवाय मला घास जात नाही."

संपादिकेनं नवी चिठ्ठी काढून लिहिलं. कोपऱ्यात लिहिलं, सासू. मग तिनं अवघडत विचारलं की आता नियमाप्रमाणे चिठ्ठीवर वाक्य बोलल्याची तारीख घालावी लागते, तर आजची घालू ना?

"आजची कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "हिच्या आईच्या आजारपणातली घाला. पाचवा दिवस."

नियमात हे बसत नव्हतं, संपादिका तसं म्हणायला गेलीसुद्धा. टेकबाईंनी तिच्या हातातून पेन घेतलं. बोटांवर दिवस मोजले, चिठ्ठी गुडघ्यावर ठेवली आणि पस्तीस वर्षांपूर्वीची तारीख स्वतःच्या हातानं घातली.